नवरीच्या हातचं

"दार लावू का?" असं विचारता विचारताच मालतीबाईंनी दार लावून घेतलं आणि मग त्या चटईवर टेकल्या.

चिंधाआप्पांना याची सवय होती. सिल्वासाच्या आमली भागातल्या त्यांच्या खोलीत येणारी मुलीची आई आधी दाराकडे बघे, मग खिडकीकडे, आणि मगच त्यांच्याकडे. गल्लीत कुणी भेटलं तर तोरण घ्यायला आले होते म्हणून सांगायचं, हे त्या घरूनच ठरवून येत. आप्पा तोरणं विकत हे काही खोटं नव्हतं. तोरणं, पोळ्याला बैलांना बांधायचे गोंडे, गाडीच्या आरशाला लटकवायच्या झिरमिळ्या, सगळं दाराबाहेर उघडपणे टांगलेलं असे. टांगलेलं नसे ते रुखवत.

लग्नात मुलीकडचे लोक मांडवात रुखवत मांडतात. सुपारीचे नवरानवरी, त्यांच्यासमोर सुपारीचाच भटजी, सजवलेल्या नारळांची सप्तपदी, मण्यांचं तुळशीवृंदावन. वर पाटी लावतात की ही सारी कलाकुसर चि. सौ. कां. अमुक हिच्या हातची. नवऱ्याकडच्या बायका ते बघायला येतात आणि येणाऱ्या सुनेच्या हाताची पारख करतात. पूर्वी मुली सुट्ट्या सुट्ट्या बसून ते करत. आता सिल्वासाच्या मुली सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढतात आणि अंधार पडल्यावर उतरतात. त्यांच्यासाठी आप्पा होते. ते रुखवत करून देत, आणि कुणी केलं ते सांगत नसत. काम चांगलं होतं म्हणून धंदा चालत होताच, पण तो उभा होता तो या न सांगण्यावर.

मालतीबाई दादऱ्याहून आल्या होत्या. त्यांच्या मुलीचं जमत आलं होतं. मुलाच्या आईने म्हणे देण्याघेण्याची काही अट घातली नव्हती, एवढंच विचारलं होतं की मुलीच्या हातात काही कला आहे का. आणि मध्यस्थाने, मालतीबाई काही बोलायच्या आत, खूप आहे, रुखवत बघाल तेव्हा कळेल, असं सांगून टाकलं होतं.

"आणि पोरगी?" आप्पांनी विचारलं.

"पोरीला शर्टाचं बटण लावता येत नै. पॅकिंग खात्यात आहे, दिवसभर खोके चिकटवते." मालतीबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "आप्पा, तुमच्या आईची शपथ घ्या. कुठं बोलणार नै."

"आई नाही आता."

"मग तर घ्याच. तिला आता काय व्हायचंय."

आप्पा हसले आणि त्यांनी शपथ घेतली. सासर कुठलं, नाव काय, हे मात्र मालतीबाई सांगायला लागल्या तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. सासरचं नाव ते कधीच ऐकून घेत नसत. माहीत नसलं म्हणजे चुकून तोंडातून जात नाही, हा त्यांचा साधा हिशेब. त्यांचा आणखी एक नियम होता. मुलीने स्वतः यायचं आणि एक गाठ तरी शिकून जायची. उद्या सासरी कुणी म्हणालं, कर बरं आमच्यासमोर, तर तिच्या हातांनी तिला उघडं पाडू नये.

धनश्री आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून, स्कूटीवर. ओढणी सोडली तेव्हा आतून हसरा, घामेजलेला चेहरा निघाला. ती मांडी घालून बसली आणि तिने आधी खोली बघून घेतली: भिंतीला टेकवलेले सुताचे कोन, पत्र्याच्या डब्यांत रंगांप्रमाणे लावलेले मणी, तारा, कापूस. सूत गिरणीतून टाकाऊ म्हणून निघालेलं होतं. आप्पांनी उमेदीची वर्षं तिथेच घालवली होती. गिरणी सुटली, सूत सुटलं नाही.

गोंडा बांधायला ते आईकडून शिकले होते. धुळ्याकडच्या त्यांच्या गावात पोळा जवळ आला की आई ओसरीवर बसून गावभरच्या बैलांचे गोंडे बांधी. बाकीच्यांच्या गोंड्याचं शेवटचं टोक बाहेर राही. आई ते टोक उलटं फिरवून गोंड्याच्या पोटात घाली, म्हणजे बैलाने खांबाला डोकं घासलं तरी गाठ सुटत नसे, आणि गाठ कुठे आहे ते दिसतही नसे. हीच गाठ आप्पा प्रत्येक मुलीला शिकवत.

"यूट्यूबवर एका मिनिटात दाखवतात हो आप्पा," तिसऱ्यांदा सूत सुटल्यावर धनश्री म्हणाली.

"मग विचार त्या माणसाला, तुझा अंगठा कुठं चुकतोय ते."

तिने अंगठ्याकडे बघितलं. आप्पांनी तो हलकेच खाली सरकवला. "वरून दाबायचा नाही. खालून आधार द्यायचा. लेकराची मान धरतात तसा."

मुलीला शिकवताना ते कधी घाई करत नसत. सूत सुटलं तर म्हणत, सुटलं ते बरं झालं, आता कुठून सुटतं ते कळलं. बहुतेक मुली एकदा येत, गाठ जमली न जमली तरी फोनकडे बघत निघून जात. धनश्री सुट्टीच्या दिवशी पुन्हा आली, आणि त्यानंतरही येत राहिली. येताना कधी भजी आणी. सुपरवायझरच्या नकला करून दाखवी. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लेकरू झालं नव्हतं. त्या खोलीत हसण्याचा आवाज झाला की त्यांना आधी शेजारच्या खोलीत टीव्ही लागला असंच वाटे. एकदा तिने गाठ अगदी नीट बांधली. आप्पांनी ती उलटून पाहिली आणि म्हणाले, ढिली आहे, पुन्हा कर. गाठ ढिली नव्हती. पण नीट आहे म्हटलं असतं तर ती उठली असती.

तिच्या रुखवतात त्यांनी बैलगाडी करायची ठरवली. सासरी निघालेली गाडी, आत नवरी आणि पाठराखीण, पुढे बैलांची जोडी, अंगावर झूल, कपाळावर आणि शिंगांना गोंडे. तारेवर कापूस आणि कापसावर सूत गुंडाळत एकेक बैल उभा राहिला. पहिल्या बैलाची तार कशी कोण जाणे वाकडी बसली आणि त्याची मान मागे वळली. धनश्रीला तोच आवडला. म्हणाली, किती गोड बघतोय, हाच ठेवा. आप्पांनी मान हलवली. सासरी निघालेल्या गाडीचा बैल मागे बघत नाही. त्यांनी दुसरा बैल केला, सरळ मानेचा, आणि पहिला फळीवर ठेवून दिला.

त्याच सुमारास आप्पांचा धाकटा भाऊ दत्तात्रय, म्हणजे दत्तू, आपल्या मुलाचं, ललितचं, लग्न ठरल्याचं सांगायला आला. मुलगी दादऱ्याची, सोनी नावाची. दत्तूच्या घरी सगळे सोनी सोनीच करत होते. आप्पांना आनंद झाला. दत्तूचं घर हेच त्यांचं उरलेलं घर. दर रविवारी ते तिथे जेवायला जात. दत्तूची बायको सरिता त्यांच्या ताटात न विचारता वाढे आणि विचारून टोमणे मारी, आणि दोन्हीही त्यांना हवंहवंसं वाटे.

साखरपुड्याला नवऱ्याकडचे वडीलधारे म्हणून आप्पांना पुढे बसवलं. टोपी-टॉवेल देऊन मान करायला मुलीची आई समोर आली. ताट तिच्या हातात जरासं कलंडलं आणि कुंकवाची वाटी ताटातच सांडली. त्या मालतीबाई होत्या. त्यांच्या मागे, हिरव्या साडीत, डोळे खाली घालून धनश्री उभी होती. सोनी हे तिचं घरातलं नाव होतं.

"राम राम, विहीणबाई," आप्पा म्हणाले, पहिल्यांदा भेटावं तसे.

जेवणं उरकल्यावर मालतीबाईंनी त्यांना पाण्याच्या टाकीमागे गाठलं. त्यांचा चेहरा उतरून गेला होता. काम काढून घेते, कुठल्यातरी लांबच्या बाईला देते, असं काहीबाही त्या पुटपुटत होत्या. आप्पांनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, काम चालू आहे, ते चालू राहील. तुम्ही माझ्याकडे कधी आला नव्हता आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा पाहतोय.

"पण तुमच्याच घरात येणार ना हो ती. तुमच्या भावजयीला..."

"बाई, शब्द देताना मी घर विचारलं नव्हतं."

धनश्री त्यानंतर आमलीत आली नाही. येणं बरोबरही नव्हतं. काम पुरं झालं तेव्हा मालतीबाईंच्या भावाने रिक्षा आणली आणि खोके नेले.

लग्न दादऱ्याला होतं. वरात आली, नवरदेव मारुतीला जाऊन आला, तोवर बायका रुखवताभोवती जमल्या. पाटीवर मोत्यांच्या अक्षरात धनश्रीचं नाव होतं. ती अक्षरंही आप्पांनीच ओवली होती. ते लांब, पाण्याच्या पिंपाजवळ, नवऱ्याकडच्या पुरुषांत उभे होते. तिथून त्यांना बैलगाडीचं छत तेवढं दिसत होतं, आणि त्यावर वाकलेल्या पाठी.

सरिता प्रत्येक वस्तू हातात घेऊन, उलटी करून बघत होती. तिला यातलं कळत होतं. लग्नाआधी तिनेही रुखवत केलं होतं, आणि सासूने ते धड बघितलंही नव्हतं, ही गोष्ट ती अजून सांगे. बैलगाडीपाशी ती थांबली. मग मुंडावळ्या बांधलेल्या नवरीला तिने सगळ्यांसमोर बोलावून घेतलं.

"हा गोंडा कसा केला गं? कर बरं एक. बघू दे या सगळ्यांना."

कुणीतरी शालीच्या कडेचं सूत ओढून दिलं. बायका हसत होत्या, पण नजरा हातांवर होत्या. मालतीबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. आप्पांनी हातातला पेला पिंपावर ठेवला. मेंदीने रंगलेली बोटं त्यांना नीट दिसत नव्हती. फक्त अंगठा दिसत होता. तो खाली गेला आणि तिथेच, आधार देत, राहिला. टोक फिरलं आणि गोंड्याच्या पोटात दिसेनासं झालं.

"हात आहे हो पोरीला," एक म्हातारी म्हणाली. सरिताने तो गोंडा स्वतःच्या पर्सच्या चेनला अडकवला आणि मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत मिरवला.

सगळे अक्षता टाकायला गेल्यावर रुखवतापाशी एकटा दत्तू राहिला होता. वराचा बाप, सगळे त्याला शोधत होते, पण तो तिथेच उभा होता. त्याने एका बोटाने बैलाच्या कपाळावरचा गोंडा वर उचलला, खालून पाहिला, आणि परत सोडला. मग मान वर केली. मांडवाच्या गर्दीतून त्याची नजर आप्पांना शोधत आली. आप्पांनी अक्षता टाकायला हात वर नेला आणि दुसरीकडे बघितलं.

लग्नानंतर बैलगाडी दत्तूच्या घरी काचेच्या कपाटात आली. धनश्री आप्पांना ललितसारखंच 'मोठे पप्पा' म्हणू लागली. वाढताना त्यांच्याकडे बघत नसे. तिच्या हातच्या भाकरीचा काठ जाड असे. आप्पांना सांगावंसं वाटे की अंगठा खालून ठेव, पण ते गपचूप तो काठ खात. ज्या मुलीच्या सुपरवायझरचं नाव, त्याची चाल, त्याचा चष्मा त्यांना ठाऊक होता, तिला ते विचारत, कंपनीत बरं आहे ना बेटा? आणि ती म्हणे, हो, बरं आहे.

सरिताच्या डोक्यात आता एक नवीनच कल्पना घोळत होती. सुनेने घरात रुखवताचा धंदा सुरू करावा, दारावर बोर्ड लावावा. किलवणी गावात कुणाचं तरी लग्न होतं, तिने शब्दही टाकून ठेवला होता. एका रविवारी जेवताना तिने हे सगळ्यांसमोर काढलं. ललित हो हो म्हणाला. दत्तूने भाकरीचा तुकडा मोडला.

धनश्रीच्या हातात वरणाची पळी होती. "नाही मम्मी," ती म्हणाली. "रुखवत विकायचं नसतं. एकदाच करायचं असतं, आपल्या लग्नात."

सरिताला हे इतकं आवडलं की बोर्डाचं सगळं ती विसरली. "घ्या आप्पा," ती म्हणाली, "शिका काहीतरी. तुम्ही बसता दारात गोंडे मोजत."

आप्पांनी भात कालवला. पोरीने स्वतःला वाचवलं, की त्यांची पोटाची कामं त्यांच्याकडेच राहावीत म्हणून ती तसं बोलली, हे त्यांना कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

होळीनंतर त्यांना ताप आला. ते रविवारी गेले नाहीत तेव्हा सरिता स्वतः मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन आली. ती अशीच होती. तोंडाने फटकळ, पण माणूस आजारी पडला की पहिली उठायची. तिने स्टोव्हवर पाणी तापत ठेवलं, चादर झटकली, आणि पेला घ्यायला फळीकडे हात नेला. तिथे तो मागे बघणारा बैल उभा होता.

तिने तो उचलून उलटा करून पाहिला. मग बैल हातात घेऊन वळली.

"आप्पा, हा आमच्या धनश्रीचा बैल. इथं कसा?"

आप्पा उठून बसले. तापाने कान गच्च झाले होते, पण डोकं साफ चाललं होतं. ही कपाटातल्या गाडीवरची धूळ रोज स्वतः पुसते. हिला दोन वेगळे हात ओळखू येतात आणि एकच हातही ओळखू येतो. तिने अजून स्वतःला विचारलेला नव्हता तो प्रश्न तिच्या कपाळावर चढत होता. तो विचारला गेला, की पोरीने तिच्या घरात थापलेली प्रत्येक भाकर खोटी ठरणार होती.

"पाहून केला," ते म्हणाले.

"कधी?"

"लग्नात पाहिला होता. मोबाईलमध्ये फोटो काढून आणला."

सरिताच्या कपाळावरची आठी उतरली आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं. "विकायला?"

नाही म्हणावं तर मग कशाला, हे सांगावं लागलं असतं. "हो," आप्पा म्हणाले.

ती ओरडली नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं. सून, कालची पोर, म्हणते विकायचं नसतं, आणि घरातला मोठा माणूस तिच्याच हातचं चोरून बाजारात मांडतो, या वयात, दर रविवारी ताटावर बसून, असं ती शांतपणे, एकेक शब्द वेचून बोलत गेली. आप्पा चादरीचा काठ सरळ करत राहिले. शेवटी तिने बैल फळीवर परत ठेवला, आणि ठेवता ठेवता पुन्हा एकदा पाहिला.

"आणि नक्कल तरी धड करायची. मान बघा कुठं चाललीय."

डबा तिने ठेवला. स्टोव्ह बंद करते, म्हणाली. दार ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी ललितचा फोन आला की घरी पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला नाही. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून थोडा वेळ बसले, मग तो काढून घडी घातली.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर दत्तू आला. दारातच बसला. एकटे असले की दोघे भाऊ गावाकडच्या अहिराणीत बोलत, तसाच तो बोलला.

"दादा, कपाटमधला बैल तुना शे ना?"

आप्पा गोंडा बांधत होते. हात थांबला नाही.

"मायना हातनी गाठ शे ती," दत्तू म्हणाला. "ती पोरले कोठून येई?"

"शिकनी व्हई कोठे तरी."

"कोनापासून?"

"ते माले काय माहीत."

दत्तूने चपलेतून पाय काढला, परत घातला. सरिता वाईट नाही, तिला फक्त खोटं खपत नाही, असं काहीसं तो म्हणाला. मग भावाकडे न बघता म्हणाला, "एकदाव हा म्हण. बाकीनं मी पाही लिसू."

आप्पांना भाऊ चांगला ठाऊक होता. लहानपणी त्याला कैरी चोरलेली लपवता येत नसे. तो घरी येऊन स्वतःच रडे. आज हो म्हटलं तर रात्रीच्या जेवणाआधी सरिताला कळलं असतं. आपली जागा आपल्याला परत मिळाली असती, ताटासकट, आणि सरिताने कदाचित माफीही मागितली असती. मग ती धनश्रीकडे वळली असती. वर्षभर, दोन वर्षं, भाजीत मीठ कमी पडलं तरी रुखवत निघालं असतं. मालतीबाईंचं त्या घरात येणं बंद झालं असतं.

आणि तसंही, दत्तू सख्खा असला तरी शब्द दिला तेव्हा सख्ख्याला सांगेन असं कुठे म्हटलं होतं?

"नही," आप्पा म्हणाले. "मी पाहिसन कया."

पाहून केला. दत्तूने पाणी मागितलं, प्यायला, पेला पालथा घातला. उठताना म्हणाला, "आखाजीले..." आणि पुढे काय म्हणायचं होतं ते न म्हणताच गल्लीतून गेला.

तो गेल्यावर आप्पांनी फळीवरचा बैल खाली घेतला. ते शिंगांपासून सूत उलगडायला लागले. सूत चांगलं होतं, कोनावर पुन्हा नीट गुंडाळलं गेलं. कापूस डब्यात गेला, तार सरळ करून तारांत ठेवली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशच्या माणसाला दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवत गेलेल्यांची नावं घेतात. दत्तूच्या घरची घागर दरवर्षी आप्पा भरत, थोरले म्हणून. नावं त्यांनाच पाठ होती. दत्तू चुलत आजोबांच्या नावांत नेहमी घोटाळा करी, आणि सरिता त्याला हसे.

यंदा आप्पांनी आमलीच्या बाजारातून एक लहान घागर आणली. डांगर आणलं, आंबे आणले. खापरावरचे मांडे एकट्या माणसाला जमत नाहीत, म्हणून साध्या पोळ्या लाटल्या आणि रस काढला. उंबरठ्यावर बोटं उमटवत नावं घेतली, सावकाश, एकही न चुकता. आईच्या नावापाशी बोट जरा जास्त वेळ टेकलं.

आता पितराच्या जागी कुणालातरी जेवू घालायचं होतं. एक माणूस तरी पानावर बसावा लागतो, त्याशिवाय आपण जेवायचं नसतं. गल्लीतले खानदेशी सगळे गावाला गेले होते. आप्पा दारात उभे राहिले. ऊन पायऱ्यांवरून खाली उतरलं तरी ते उभेच होते. मग कोपऱ्यावरच्या खोलीत नव्याने राहायला आलेला बिहारचा एक माणूस पाळी संपवून आला. केस पिकायला लागलेले, शर्टाला तेलाचे डाग.

आप्पांनी त्याला हाक मारली. त्योहार आहे, आज एका माणसाला आमच्या बापाच्या नावाने जेवू घालतो, असं त्यांनी त्याला आपल्या हिंदीत सांगितलं.

तो माणूस विचारात पडला. "मतलब मैं आपके बाप की जगह बैठूँ?"

"बैठो."

"फिर तो डाँट भी सकता हूँ," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तो पाटावर बसला. आधी संकोचाने, मग भुकेने जेवू लागला. आप्पा समोर बसून वाढत होते. पोट थोडं भरल्यावर त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे किलवणीच्या एका मुलीचं रुखवत पुरं होऊन मांडून ठेवलेलं होतं, फडक्याने झाकायचं राहिलं होतं. रहाटाची विहीर, पाणी भरणाऱ्या बायका, झोपाळ्यावरचं बाळ. जेवता जेवता त्याचा हात थांबला.

"चाचा, ये सब कौन बनाता है?"

आप्पांच्या हातात रसाची पळी होती. हा माणूस आज इथे, पुढच्या हंगामात सुरतेला नाहीतर वापीला. सिल्वासातल्या कुठल्याच मांडवात त्याला कुणी बोलावणार नव्हतं, कुठल्याच सरिताशी तो कधी बोलणार नव्हता. त्याला सांगणं आणि भिंतीला सांगणं सारखंच होतं.

"लड़कियाँ बनाती हैं," ते म्हणाले. "अपनी शादी के लिए."

"हाथ बहुत साफ़ है उनका."

"हाँ," आप्पा म्हणाले, "मेहनती हैं बेचारी."

त्या माणसाने वाटीवर हात आडवा धरला, बस म्हणाला. आप्पांनी तो हात हलकेच बाजूला केला आणि वाटी काठोकाठ भरली. पितराला बस म्हणू द्यायचं नसतं.